चौदा इंजेक्शनं, लांब पायमोजे आणि रात्रभर चालणारा पंप: आत्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा अनुभव

दुकानदारानं आत्यांच्या पायांकडं एकदा बघितलं, ‘लार्ज बसतंय’ म्हणाला आणि पाकीट पुढं सरकवलं. मी गेली सव्वीस वर्षं इचलकरंजीत ब्लाऊज शिवते. नजरेनं माप घेणाऱ्याच्या हाती मी साधं अस्तरही देणार नाही, आणि हे तर पायात रक्त गोठू नये म्हणून ऑपरेशननंतर घालायचे पायमोजे होते. पर्समधला टेप काढला, आत्यांना दुकानातल्या स्टुलावर बसवलं आणि तिथंच मापं घेतली. घोट्याच्या वर सगळ्यात बारीक जागी २२ सेंटीमीटर, पोटरी भरते तिथं ३६, मांडी ५७. पाकिटामागं तक्ता छापलेला होता. त्यात आत्या सरळसरळ मीडियममध्ये बसत होत्या, आणि लांबीला आखूड. लार्ज नेला असता तर तो पोटरीवर सैल पडून गुडघ्यामागं गोळा झाला असता.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. लग्न झाल्यापासून मी त्यांना आत्याच म्हणते. वय ७१, वजन ६४ किलो, गळ्यात तुळशीची माळ, उजवा गुडघा पूर्ण झिजलेला. फेब्रुवारीत कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलात त्यांचा गुडघा बदलला. गुडघ्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. सांध्याचा धातू कुठला, डॉक्टर कुठं शिकले, खोलीत एसी होता का, हे सगळं सापडतं. ऑपरेशननंतर पायात गुठळी होऊ नये यासाठी काय केलं आणि ते करताना जखमेतून जास्त रक्त जाऊ नये म्हणून काय सांभाळलं, याबद्दल मला मराठीत कुणाचा अनुभव वाचायला मिळाला नाही. म्हणून मी फक्त तेवढ्यावरच लिहिते. हॉस्पिटलचं आणि दुकानाचं नाव देत नाही, कारण मला तक्रारीही सांगायच्या आहेत.

माझा जीव या एका गोष्टीत का अडकला होता, ते आधी सांगते. २०१० साली दिवाळीच्या तोंडावर आत्यांची गर्भपिशवी काढली. ते हॉस्पिटल वेगळं, गावही वेगळं. तिथं त्यांना सांगितलं, “झोपून राहा, टाके ताजे आहेत.” आत्या सांगितलेलं ऐकणाऱ्या. घरी आल्यावरही आठ-दहा दिवस कॉटवरून उतरल्या नाहीत. बाराव्या दिवशी डावी पोटरी टरटरून सुजली, गरम लागायला लागली, हात लावू देईनात. शेजारच्या काकू आल्या, मायेनं कोमट तेल घेऊन बसल्या आणि पोटरी चोळायला लागल्या. मीही शेजारी बसून वाटी धरली होती. संध्याकाळी मिरजेला नेलं, तिथं पायाची डॉप्लर सोनोग्राफी केली, तेव्हा कळलं की खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. तिथले डॉक्टर तेलाचं ऐकून आमच्यावर चिडले, आणि त्यांचं बरोबर होतं. अशी गुठळी चोळली तर सुटू शकते, रक्ताबरोबर वर जाते आणि फुप्फुसाच्या शिरेत अडकते. माणूस बोलता बोलता जाऊ शकतो. पुढं सहा महिने रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या, दर पंधरा दिवसांनी आयएनआरची तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी), आकडा दोन ते तीनच्या मध्ये राहायला हवा, आणि पालेभाजी एक दिवस खूप, एक दिवस अजिबात नाही असं करायचं नाही. ती वाटी धरलेली मी अजून विसरलेले नाही.

त्यामुळं कोल्हापुरात पहिल्याच भेटीत सिस्टरनं एक तक्ता पुढं घेतला आणि “आधी कधी पायात गाठ झाली होती का?” असं विचारलं, तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले. विचारणारं कुणीतरी भेटलं होतं. तो तक्ता कॅप्रिनी नावाच्या अमेरिकन सर्जनच्या नावानं ओळखला जातो, असं माझ्या भाचीनं नंतर सांगितलं. ती एमबीबीएस झाली आहे. प्रत्येक गोष्टीला गुण असतात. वय ६१ ते ७४ मध्ये असेल तर २, वजन उंचीच्या मानानं जास्त असेल तर १, पूर्वी गुठळी झाली असेल तर ३, आणि ठरवून केलेली गुडघ्याची किंवा खुब्याची सांधाबदल असेल तर तिचे एकटीचे ५. आत्यांची बेरीज ११ झाली. पाच किंवा त्याच्या पुढं गेलं की धोका जास्त धरतात. सिस्टरनं फाईलवर लाल पेनानं ११ लिहून भोवती गोल केला, आणि तो गोल पुढं ज्यानं ज्यानं फाईल उघडली त्याला दिसला.

दुसरा तक्ता रक्त वाहण्याचा. तिथं माझी मान खाली गेली. आत्या दोन वर्षं मेडिकलमधून गुडघ्याच्या गोळ्या आणून खात होत्या, चिठ्ठीशिवाय, दिवसाला दोन. शिवाय बाजारातल्या एका वैदूकडची पुडी. डॉक्टरांनी पुडीचा कागद मागितला. त्यावर काहीच छापलेलं नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं की डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी रक्त धरून ठेवणाऱ्या पेशी मंदावतात आणि पोटात व्रण होऊन आतल्या आत रक्त जात राहतं, आणि ज्या पुडीत काय आहे तेच माहीत नाही तिच्यासह ऑपरेशन करता येत नाही. दोन्ही बंद. हिमोग्लोबिन १०.१ निघालं. डॉक्टर म्हणाले, “ऑपरेशनमध्ये थोडं रक्त जाणारच. दहावरून खाली आलं तर बाटली चढवावी लागेल. ती टाळायची असेल तर आधी लोह भरून काढू.” शिरेतून लोह दिलं आणि ऑपरेशन पाच आठवडे पुढं ढकललं. पाच आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.८. खोली रिकामी होती, आम्ही पैसे भरायला तयार होतो, तरी त्यांनी थांबवलं. या हॉस्पिटलबद्दल माझं मत तिथंच बनलं.

आता माळेची गोष्ट. भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम तपासायला आल्या, तेव्हा त्यांना आत्यांच्या गळ्यात माळ दिसली. त्यांनी स्वतःहून विषय काढला. “आजी, गुठळी होऊ नये म्हणून जे इंजेक्शन सर्रास देतात ते हेपरिनच्या घराण्यातलं आहे. ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. तुम्हाला सांगून ठेवावं असं वाटलं.” खोलीत कुणी बोललं नाही. मला तोपर्यंत हे माहीतच नव्हतं, आणि २०१० मध्ये आत्यांना तेच दिलं असणार हे लगेच डोक्यात आलं. आत्यांनी विचारलं, “दुसरं काय असतं का?” मॅडम म्हणाल्या, आहे, फोंडापॅरिनक्स नावाचं, ते प्रयोगशाळेत बनवतात, कुठल्याही जनावरापासून नाही. पण त्याची दुसरी बाजूही त्यांनी झाकली नाही. हेपरिनमुळं जास्त रक्त जायला लागलं तर प्रोटामिन नावाच्या औषधानं त्याचा परिणाम उलटवता येतो. त्याच घराण्यातल्या एनॉक्सापॅरिनच्या इंजेक्शनचा काही प्रमाणात येतो. फोंडापॅरिनक्सला तसं हमखास उलटवणारं औषध नाही, आणि ते अंगात बराच वेळ राहतं. वजन ५० किलोच्या खाली असेल किंवा मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर ते देत नाहीत, कारण ते लघवीवाटेच बाहेर पडतं. आत्यांचं वजन पुरेसं होतं, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ०.९ होतं, रक्त धरून ठेवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेटही व्यवस्थित होत्या.

आत्यांनी रात्रभर विचार केला. सकाळी मॅडमना म्हणाल्या, “रागानं न्हाई म्हणत बाई मी. औषध ते औषध. पण दुसरं हाय म्हणताय, तर दुसरं द्या. जास्त रगात गेलं तर माझ्या ह्या निर्णयानं गेलं, तुमच्यावर बोल न्हाई.” मॅडमनी ते शब्द जसेच्या तसे फाईलमध्ये लिहिले. माळकऱ्यांना, जैन मंडळींना, मुसलमान पेशंटना ही गोष्ट आधी सांगायला हवी. विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल तर तुम्ही विचारा. आणि काहीजणांना गोळ्यांवरही ठेवतात, तेही विचारा. आत्यांसाठी गोळी का नको, हे मॅडमनी सांगितलं होतं: दोन वर्षं दुखण्याच्या गोळ्या खाऊन झालेल्या पोटाची त्यांना काळजी होती.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ९ वाजून २० मिनिटांनी कमरेत भुलीची सुई दिली. ही वेळ मला माहीत आहे, कारण ती तीन ठिकाणी लिहिलेली होती. मणक्याजवळ सुई गेली असताना रक्त पातळ करणारं औषध अंगात असेल तर आत रक्त साठून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो आणि पाय कायमचे जाऊ शकतात. म्हणून सुई आणि इंजेक्शन यांच्यामध्ये किती तास ठेवायचे याचे नियम आहेत, आणि औषधागणिक ते वेगळे आहेत. आत्यांची सुई पहिल्याच खेपेला गेली, रक्त आलं नाही, आणि पाठीत नळी ठेवलेली नव्हती. म्हणूनच हे औषध चालणार होतं. ऑपरेशन ११ ला संपलं. पहिलं इंजेक्शन संध्याकाळी ७ ला, बरोबर आठ तासांनी.

एका गोष्टीनं माझा गोंधळ उडाला होता. गुडघा शिवण्याआधी सांध्यात ट्रॅनेक्झामिक ॲसिड टाकलं, रक्त थांबावं म्हणून. आणि संध्याकाळी रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन. एकाच दिवशी एका हातानं बांधायचं आणि दुसऱ्यानं सोडायचं? मी मॅडमना तसंच विचारलं. त्या म्हणाल्या, ट्रॅनेक्झामिक नवीन गुठळी तयार करत नाही. जखमेच्या तोंडाशी शरीरानं स्वतः जी जाळी धरली आहे, ती लगेच विरघळू देत नाही. मला ते तिथंच समजलं. टाका घालत नाही, घातलेला उसवू देत नाही. आणि संध्याकाळचं इंजेक्शन जिथं टाका नकोच आहे तिथं, म्हणजे पोटरीच्या खोल शिरेत, जिथं पाय हलला नाही की रक्त साचून राहतं, तिथं नवीन जाळी धरू देत नाही. आत्यांना पूर्वी गुठळी झालेली, म्हणून ट्रॅनेक्झामिक शिरेतून न देता सांध्यातच टाकलं. हे औषध १९६० च्या सुमारास जपानमध्ये उताको ओकामोतो नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्यानं शोधलं, असं भाचीनं सांगितलं. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका वाचाव्यात हा त्या बाईंचा ध्यास होता. हे ऐकल्यापासून मी त्यांचं नाव पाठ केलं आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्रेसिंग भिजलं. गुडघ्याच्या खालच्या कडेला लाल डाग, तळहाताएवढा. माझे हातपाय गार पडले. सिस्टर धावली नाही, ओरडली नाही. तिनं पेन घेतलं, डागाच्या कडेनं रेघ ओढली आणि रेघेवर वेळ लिहिली, ६.४०. कापडावर खडूनं खूण करावी तशी. सातचं इंजेक्शन थांबवलं आणि डॉक्टरांना फोन केला. रक्त तपासायला पाठवलं, हिमोग्लोबिन ९.७. तासाभरानं पुन्हा बघितलं, डाग रेघेच्या आत. नऊला पुन्हा बघितलं, आतच. दहाला डॉक्टर स्वतः आले, जखम बघितली, पोटरी दाबून बघितली, पायाच्या बोटांत जाणीव आहे का विचारलं आणि म्हणाले, “आता द्या.” त्या दिवसापासून इंजेक्शनची वेळ रात्रीची दहा ठरली. बाटली चढवावी लागली नाही. पाच आठवडे थांबलो नसतो तर ९.७ च्या जागी आठ दिसलं असतं, हा माझा साधा हिशेब.

आता पंपाबद्दल. दोन्ही पोटऱ्यांना कापडी पट्टे गुंडाळतात, त्यांना नळ्या, आणि कॉटच्या पायाशी एक डबा. मिनिटाला साधारण एकदा पट्टा फुगतो, पोटरी दाबतो, सोडतो. चालताना पोटरीचा स्नायू जे काम करतो ते हा पट्टा करतो, शिरेतलं रक्त वर ढकलतो. यात औषध नाही, त्यामुळं रक्त जाण्याची भीती नाही. ज्यांना इंजेक्शन देताच येत नाही त्यांना हाच मोठा आधार. आत्यांना पहिल्या रात्री आवाजानं झोप लागली नाही. दुसऱ्या रात्री म्हणाल्या, “कुणीतरी पाय चेपतंय असं वाटतं.” माझी तक्रार पंपाबद्दल नाही, वापरणाऱ्यांबद्दल आहे. रात्री साडेबाराला आत्यांना बाथरूमला नेलं, पट्टे काढले, परत बांधलेच नाहीत. मी खुर्चीत डुलकी घेतली होती. पहाटे साडेपाचला जाग आली, पट्टे खुंटीला लटकलेले. पाच तास. पूर्ण दिवसाचं भाडं बिलात लागलं, ते मी भांडून कमी करून घेतलं. पण पैशांपेक्षा ते पाच तास मला सलतात. पुढच्या रात्री मी मोबाईलला दर दोन तासांचा गजर लावला. सोबतीला राहणाऱ्यांनी पट्टे बांधायला शिकून घ्या, अवघड नाही: दोन बोटं आत जातील इतपत सैल, आणि नळीला पीळ नको.

पायमोज्यांवर मला जास्त बोलता येईल, तो माझा प्रांत. हे कापड विणलेलं आहे, मागावरचं नाही. म्हणजे ताणलं की देतं आणि सोडलं की परत येतं. हातात धरून बघा: घोट्याला सगळ्यात घट्ट, पोटरीला थोडं सैल, मांडीला आणखी सैल. दाब खालून वर कमी होत जायला हवा, तरच रक्त वर सरकतं. घोट्यापेक्षा वरची पट्टी जास्त आवळत असेल तर तो पायमोजा उलटा परिणाम करणार, घालू नका. मांडीवरची सिलिकॉनची पट्टी गुंडाळत खाली आली की ती रबरबँडसारखी रुतते, आणि म्हातारी माणसं सांगत नाहीत. आत्यांनीही सांगितलं नाही, मला मांडीवर लाल वळ दिसला तेव्हा कळलं. बोटांपाशी खालच्या बाजूला भोक असतं. ते फाटलेलं नाही, त्यातून बोटांचा रंग बघायचा. टाच टाचेतच बसली पाहिजे. ती पुढं सरकली की सगळं माप बिघडतं. रोज एकदा काढून पाय पुसायचा, टाच बघायची, मग परत. कोमट पाण्यात धुवायचे, पिळायचे नाहीत, सावलीत आडवे वाळवायचे. पांढरे असतात, हळदीचा हात लावला तर डाग जात नाही.

सिस्टरनं घालण्याआधी दोन्ही पावलांवरची नाडी बघितली, हे मला फार आवडलं. ज्यांच्या पायाच्या धमन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, विशेषतः साखरवाल्यांच्या, त्यांना हे मोजे घातले तर पायाला इजा होते. दुकानात हे कुणी विचारलं नाही. दुकानदाराला मी तसं बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, “डॉक्टरांनी लिहिलंय म्हणून देतो.” लिहिणाऱ्यानं बघितलं असंल असं विकणारा धरून चालतो, आणि विकणारा बघेल असं लिहिणारा.

आणि तरीही, मोज्यांसाठी चौदाशे रुपये मोजलेली मी प्रामाणिकपणे सांगते की यांचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी असावं. भाचीनं सांगितलं की २०२० साली ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सात रुग्णालयांतले ठरवून ऑपरेशन झालेले एकोणीसशेच्या आसपास पेशंट. अर्ध्यांना फक्त इंजेक्शन, अर्ध्यांना इंजेक्शन आणि मोजे. मोज्यांनी वेगळा फायदा झालेला दिसला नाही. आमच्या डॉक्टरांनाही मी विचारलं. ते म्हणाले, “माहीत आहे. खरं काम इंजेक्शन आणि चालणं करतं. आजींची आधीची गुठळी डाव्या पायात होती, म्हणून त्या पायाला मी ठेवतोय. ऑपरेशनच्या पायाला गरज नाही.” मला हे उत्तर पटलं. तुमचे डॉक्टर इंजेक्शन देत असतील आणि मोज्यांनी पाय काचत असेल, तर घालायलाच हवेत का ते जरूर विचारा. मनानं काढू मात्र नका.

चौथ्या दिवशी घरी सोडलं. चार इंजेक्शनं तिथं झाली, दहा घरी. नर्स बोलवायची की स्वतः द्यायचं? मी सुई हातात धरून पोट भरते, पण माणसाच्या कातडीत सुई घालायची म्हटल्यावर माझा हात कापला. सिस्टरनं तिसऱ्या रात्री माझ्याकडून समोर बसून करून घेतलं. भरलेली तयार सिरिंज येते. आत हवेचा छोटा बुडबुडा असतो, तो काढायचा नाही, नाहीतर औषधाचे थेंब जातात. आत्यांना उताणं झोपवायचं, बेंबीपासून चार बोटं बाजूला, पोटाची वळी चिमटीत धरायची आणि सुई सरळ उभी आत. चिमूट शेवटपर्यंत सोडायची नाही. हळू दाबायचं. बाहेर काढल्यावर चोळायचं नाही, नुसता कापूस धरायचा. एक दिवस डावीकडं, एक दिवस उजवीकडं. मी कॅलेंडरवर ‘डा’ आणि ‘उ’ लिहायची. दोनदा निळा डाग उठला, रुपयाएवढा, आपोआप गेला. वापरलेल्या सिरिंजा झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या बरणीत टाकल्या आणि बरणी हॉस्पिटलात परत दिली, घंटागाडीत नाही. पाकिटातला माहितीचा कागद फक्त इंग्रजीत होता, ही कंपनीबद्दलची माझी तक्रार. घरी इंजेक्शन देणारी बाई इंग्रजी वाचणारी असेल हे कुणी ठरवलं?

हॉस्पिटलनं मात्र एक पान मराठीत दिलं होतं, मोठ्या अक्षरात. पोटरी एका बाजूचीच सुजली, गरम झाली, दुखली तर लगेच फोन. अचानक दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त आलं तर फोन न करता सरळ या. संडास काळी डांबरासारखी झाली, लघवी लाल झाली, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त थांबेना, डोकं खूप दुखायला लागलं, पाय बधीर झाले तरी या. दुखलं तर पॅरासिटामॉल, दुसरी कुठलीही दुखण्याची गोळी नाही. ते पान मी फ्रिजवर चिकटवलं. नवव्या दिवशी त्याच शेजारच्या काकू ‘एकदम लागू पडते’ म्हणून गोळी घेऊन आल्या. मी पान दाखवलं. काकूंनी वाचलं, गोळी पदरात बांधली आणि आत्यांच्या उशाशी नुसत्या बसून राहिल्या. या वेळी पोटरीला हात लावला नाही.

व्यायामाबद्दल थोडकंच. ऑपरेशनच्या संध्याकाळीच वॉकर धरून उभं केलं. जागेपणी दर तासाला दोन्ही पावलं दहा-दहा वेळा वर-खाली. आत्यांनी ते नामावर बसवलं: ‘ज्ञानबा’ला पंजे वर, ‘तुकाराम’ला खाली. दहाच्या जागी शंभर होत. फिजिओवाली मुलगी म्हणाली, असा पेशंट बघितला नाही.

चौदा इंजेक्शनं संपल्यावर तीन आठवडे ॲस्पिरिनची छोटी गोळी दिली. पस्तिसाव्या दिवशी तीही बंद. डाव्या पायाची डॉप्लर करा असा आग्रह मी धरला होता. डॉक्टर म्हणाले, सूज नाही, दुखणं नाही, उगीच कशाला. दोन्ही पोटऱ्या मी घरी रोज टेपनं मोजत होते, तो कागद दाखवला. डाव्या-उजव्यात अर्ध्या सेंटीमीटरचाही फरक नव्हता. त्यांनी कागदाची झेरॉक्स ठेवून घेतली. आषाढीला आत्या नंदवाळला विठ्ठलाच्या दर्शनाला जाऊन आल्या, जाताना रिक्षानं, देवळाजवळची वाट पायी.

तेव्हापासून आमच्या गल्लीत ऑपरेशन झालेल्यांचे पायमोजे माझ्याकडं यायला लागले आहेत. “ताई, मांडीला फार आवळतं, जरा उसवून पट्टी सैल करून द्या.” मी ते काम घेत नाही. एक टाका उसवला की विणीचा सगळा दाब जातो. टेप घेते, घोटा, पोटरी, मांडी आणि लांबी चिठ्ठीवर लिहून देते, पावलाची नाडी डॉक्टरांनी बघितली का ते विचारते आणि पाकिटासकट दुकानात परत पाठवते. त्याचे पैसे घेत नाही.